खोगीर आणि खुर्ची

इंडियाना, १४ नोव्हेंबर

ती. विल्डाताईस,
गार्लंडचा सा. न. वि. वि.

तुमच्या खोऱ्यात वादळानं फोनची तार पडली की महिना महिना कुणी उचलत नाही, म्हणून पत्र लिहितोय. तेही स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून. माझी पाठ गेली, ताई. गोदामातली खोकी उचलून उचलून शेवटी तिनं हात टेकले. उभा राहतो, चालतो, आडवा पडतो, पण पाय पसरून बसलो की कंबरेतून टाचेपर्यंत कळ जाते. डॉक्टरनं सांगितलं, कयाक विसरा, पाय लांब करून होडीत बसणं बंद. त्यानं ते इतक्या सहज सांगितलं की मी मान हलवून घरी आलो.

परवा पलंगाखालून मांजर काढायला गुडघ्यावर बसलो आणि बराच वेळ तसाच राहिलो. सौ. नदीननं विचारलं, प्रार्थना चाललीय का. दुखत नव्हतं, म्हणून उठलो नाही. तेव्हा सुचलं की माझी निळी कयाक तुझ्याकडून तुझ्यासारखी करून घ्यावी. सीट काढायची, मधे फोमचं खोगीर बसवायचं, त्यावर टेकून गुडघ्यावर बसायचं, मांडीवर पट्टे, हातात एकेरी वल्हं. वरचं झाकण तसंच राहील, पाणी आत येणार नाही. झाली बंद कनू. आयुष्यभर मला खुर्चीवाला म्हणालीस, आता मी तुझ्या गुडघेवाल्यांच्या पंथात यायला तयार आहे.

वसंतात सॉरवुड क्रीकला पाणी चढलं की आपण दोघं उतरतो, त्या एका दिवसावर मी वर्ष काढतो. या खेपेला तो चुकला तर पुन्हा होईलसं वाटत नाही. थँक्सगिव्हिंगला होडी घेऊन येऊ का?

क्लेलभावोजींना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
गार्लंड

सॉरवुड क्रीक, टेनेसी, २३ नोव्हेंबर

चि. गार्लंड यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून वाईट वाटलं, आणि थोडं हसूही आलं, ते लपवत नाही. इतकी वर्षं आरामखुर्चीत बसून नदी उतरलास, पाठ बिचारी करणार काय.

पण होडी आणू नकोस. मी ते काम सोडलंय. कोठारात गारठा आहे, थंडीत फोम चिकटवायचं सोल्यूशन धरत नाही, आणि त्याच्या वासानं हल्ली डोकं चढतं. शिवाय आपल्याकडचा नियम तुला माहीत आहे. होडीला ज्यानं सोल्यूशन लावलं, त्यानंच ती पहिल्यांदा डोहात उलटी करायची, आणि पाण्याखाली डोकं असताना पट्टा सोडून बाहेर यायचं. मगच ती दुसऱ्याच्या हाती द्यायची. गुडघ्यावर बांधलेल्या माणसाचा पट्टा सुटला नाही तर तो तिथंच राहतो. नियमाशिवाय मी कुणाला होडी देत नाही, सख्ख्या भावाला तर नाहीच. आणि आता डोहात उतरायचा मला कंटाळा आलाय.

बाकी ठीक. कोंबड्यांचं क्लेल बघतो. तळघरातून घेवड्याच्या बरण्याही तोच वर आणतो, आणि प्रत्येक वेळी चुकीची आणतो. तुला ॲपल बटर पाठवलंय. ते मात्र मीच केलं, ओट्याशी उभी राहून सफरचंदं आटवली. नदीनला आशीर्वाद.

रागावू नकोस. लोभात खंड नको.

विल्डा

इंडियाना, ५ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ॲपल बटर पोचलं. नदीन बिस्किटावर लावून खाते, मी बरणीतच चमचा घालतो.

ताई, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. कोंबड्या क्लेलभावोजी बघतात. तळघरात भावोजी उतरतात. गेल्या वसंतात आपण क्रीकवरून आलो तेव्हा काठावर तू होडीतून बाहेर यायला इतका वेळ का लावलास हे मी विचारलं, तर म्हणालीस पक्षी बघत होते. ज्या बाईनं जन्मात पक्ष्याकडं मान वर करून बघितलं नाही, ती अचानक पक्षी बघायला लागली आणि मला कळलं नाही. माझंच डोकं फिरलेलं. तुझे गुडघे गेलेत ना? सरळ सांग. माझ्यापाशी कसली लाज?

आणि हे खरं असेल तर माझं म्हणणं ऐक. नियम आहे की सोल्यूशन लावील त्यानं उलटी करायची. मग सोल्यूशन मीच लावतो. तू तिथं बसून सांग, मी इथं गॅरेजात गुडघ्यावर बसून करतो. नाहीतरी दुसरं काही करण्यासारखं उरलेलं नाही. कामावरून घरी बसवलंय. सकाळी उठून संध्याकाळची वाट बघतो आणि संध्याकाळी झोपेची.

उत्तर लवकर दे. माया करतेस, तशी करत राहा.

गार्लंड

सॉरवुड क्रीक, १८ डिसेंबर

चि. गार्लंड यास,
अ. उ. आ.

हो, गेलेत. दोन्ही. हाडावर हाड घासतं म्हणे. बसता येतं, पाय लांब करता येतात, पण दुमडून त्यावर भार दिला की डोळ्यांपुढं अंधारी येते. पंचविशीपासून होडीत गुडघे टेकत आले, त्याची ही पावती. क्लेल सोडून कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की लोक कीव करतात आणि कॅसरोल रांधून आणून देतात. मला दोन्हीचा वीट आहे.

तू करतोस म्हणालास, तर नीट वाच आणि शहाणपणा करू नकोस.

राखाडी घट्ट फोम घे, मऊ नको. सीटचे बोल्ट काढ, सीट अख्खी बाहेर येईल. खोगीर वीतभर उंच कर. बुटकं केलंस तर होडी स्थिर राहते पण पाय बधिर होतात, उंच केलंस तर पाय जिवंत राहतात पण होडी डुलते. तू लंबूटांग आहेस, वीत आणि वर दोन बोटं ठेव. सोल्यूशन दोन्ही बाजूंना लाव आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत हात बांधून बस. तुला थांबणं जमत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणून दोनदा लिहिते. थांब. पट्ट्याचं बक्कल असं ठेव की डोळे मिटून हात टाकला तर टोक हातात येईल. आणि खोगिराची जागा तुझ्या सीटच्या चार बोटं पुढं. गुडघे टेकले की पाय मागं जातात, सगळा भार मागं सरकतो. हे विसरू नकोस.

ख्रिसमसला येऊ नका, घाटात बर्फ आहे. जिव्हाळा असाच राहो.

विल्डा

इंडियाना, २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मधे लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं तोंड नव्हतं. खोगीर कापलं, तासलं, छान झालं. सोल्यूशन लावून थांबलो, अगदी शपथेवर थांबलो. मग खोगीर आत ठेवलं आणि ते आपोआप जिथं जाऊन बसलं तिथं दाबून टाकलं.

गावाबाहेरच्या खाणीच्या तळ्यात होडी सोडली. नाक आभाळाकडं, शेपूट पाण्यात. मी वल्हं मारतोय आणि होडी जागच्या जागी गरगर फिरतेय. उलटी करायचा प्रश्नच आला नाही, ती आपणहून झाली. पट्टा अजून आवळला नव्हता, म्हणून लगेच सुटलो आणि पोहत आलो. नदीन काठावर गाडीत हीटर लावून बसली होती. तिनं काच खाली करून विचारलं की टेनेसीत पण असंच करतात का.

चूक तुला कळलीच असेल. सीट होती तिथंच लावलं. इतकी वर्षं तिथंच बसलो, ती जागा मला घरासारखी वाटली. तू लिहिलेलं वाचलं होतं, पण हाताला ते पटलं नाही.

आता करवतीनं कापून काढावं लागेल. खरं सांगू, गॅरेजात त्या होडीकडं बघून मला रडू आलं. दमलोय, ताई. सोडून देऊ का?

गार्लंड

सॉरवुड क्रीक, ९ मार्च

चि. गार्लंड यास,
अ. उ. आ.

इतकी हसले की क्लेल बाहेरून धावत आला. खुर्चीवाला तो खुर्चीवालाच. गुडघ्यावर बसवला तरी खुर्चीची जागा सोडवत नाही.

सोडायचं नाही. बारीक दाताची करवत घे, तळाशी आडवी धर, सोल्यूशनचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. खोगीर वाया जात नाही. चार बोटं पुढं. पेन्सिलनं खूण कर आणि मग खुणेवर विश्वास ठेव, हातावर नको.

रडू आलं म्हणून लिहिलंस ते बरं केलंस. मलाही येतं. माझी हिरवी होडी कोठारात पालथी ठेवलीय, कोंबड्या तिच्यावर बसतात. आपण दोघांनी एकाच दुकानातून एकसारख्या कयाक घेतल्या आणि माझी मी त्याच आठवड्यात कापून तिची कनू केली, आठवतं? क्लेल म्हणतो विकून टाक. मी त्याला कोंबड्या बसतात म्हणून ठेवलीय असं सांगते.

डोंगरात रॅम्प उगवायला लागलेत, सगळ्या घराला त्या रानलसणीचा वास आहे. पाणी एप्रिलमधे चढेल. तू कर. नाते आहे तसे राखावे.

विल्डा

इंडियाना, ३० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झालं. आज उलटी केली. पट्टा आवळून, मुद्दाम, नियमानं. पाण्याखाली पहिल्यांदा हात भलतीकडं गेला आणि एक क्षण वाटलं, संपलं. मग तू लिहिलंस तसे डोळे मिटले, हात टाकला, टोक हातात आलं. वर आलो तेव्हा नदीन गाडीतून उतरून घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती, चांगल्या बुटांसकट. तिनं मला भरपूर शिव्या दिल्या.

मग पुन्हा चढलो आणि तळ्याला पूर्ण फेरी मारली. पाठ दुखली नाही, ताई. नाक सरळ, होडी सरळ. इतक्या महिन्यांनी मी कुठंतरी जातोय असं वाटलं.

पण एकट्यानं सॉरवुड क्रीक मला नको. तेव्हा ऐक. माझी काढलेली सीट गॅरेजात पडून आहे, नदीन फेकायला निघालीय. तुझी होडी माझ्याच जातीची. खोगीर काढलंस तर खाली बोल्टची भोकं असणारच, तू बुजवलेली. तुला गुडघे दुमडता येत नाहीत, पाय लांब करता येतात असं तूच लिहिलंस. माझं दुहेरी वल्हंही आता रिकामंच आहे. तू खुर्चीवाली होशील एवढंच. पंथ बाटेल, पण मी कुणाला सांगणार नाही.

बघ, विचार कर. तुझ्या मायेवरच भरवसा.

गार्लंड

सॉरवुड क्रीक, ७ एप्रिल

चि. गार्लंड यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते चुलीत घालणार होते. खुर्चीत बसून क्रीक उतरायची, तीही विल्डा टीगनं. खोऱ्यातली सगळी टवाळ मंडळी मेल्याशिवाय मला तोंड दाखवता येणार नाही.

मग दोन दिवस ते चुलीपाशीच पडून होतं. तिसऱ्या दिवशी कोठारात गेले, कोंबड्या हाकलल्या आणि क्लेलकडून होडी सरळ करून घेतली. खोगिराला माझ्या मांड्यांचे खळगे पडलेत, अगदी खोल. करवत मी स्वतःच चालवली, स्टुलावर बसून. शेवटी जरा हुंदका आला. क्लेलनं दुसरीकडं बघितलं, तेवढं त्याला कळतं. भोकं जागेवर आहेत, चारही. बुजवण उकरून काढली, आत काजळीसारखी घाण साचली होती, ती पुसली.

वरच्या डोंगरात रात्रभर पाऊस झालाय. शनिवारपर्यंत पाणी येईल. तू ये, गाडीत मागं आडवा पडून ये, नदीनला चालवू दे. सीट आण, वल्हं आण. बोल्ट आवळायला मला वाकता येत नाही, ते तू कर. पण कमरेच्या बाजूंना ज्या फोमच्या गाद्या लावायच्या, त्यांना सोल्यूशन मी लावणार. तू डबा उघडायचासुद्धा नाहीस. नियम तुला माहीत आहे.

डोह अजून बर्फासारखा गार आहे. क्लेलला टॉवेल घेऊन काठावर उभं राहायला सांगितलंय.

विल्डा