सुलट केलेली मोटर

दि. ४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून फुगून बसू नकोस. काकांच्या मागे धावता धावता जीव मेटाकुटीला आलाय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की नजरेचा मधला भाग गेल्यातच जमा आहे आणि कडेचाही फार टिकणार नाही. दवाखान्यातून आले ते काका थेट मागच्या खोलीत गेले आणि कॅमेऱ्यावरची चादर ओढून काढली.

तुला तो आठवत असेलच, खांबाला टांगलेला आणि मान खाली घालून टेबलाकडे बघणारा. एक चित्र ठेवायचं, कळ दाबायची, चित्र जरासं बदलायचं, पुन्हा कळ. त्यांच्या फिल्मचा शेवटचा तुकडा तेवढा राहिलाय: काकू दारात येते. काकूला समोर बसवून काचेवर रंगवलेलं तिचं चित्र तयार होतं, पण ती गेली आणि काकांनी कॅमेऱ्याला हातच लावला नाही. आता म्हणतात, नजर आहे तोवर तिला येताना बघायचंय.

भिंग पुसलं, दातेरी चाकांना तेल घातलं, सगळं झालं, पण मोटर नुसती गुरगुरते. तुझा जन्म मोटरी दुरुस्त करण्यात गेला, म्हणून पार्सलने पाठवते आहे. भाव खाऊ नकोस. वहिनींना नमस्कार.

माया असेल तर ती मोटरीत दिसू दे.
तुझी,
ठकू

---

दि. १९ जून

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

मोटर उघडली तर आत झुरळांचं अख्खं कुटुंब नांदत होतं. आतल्या तारेचं वायंडिंग जळून कोळसा झालं होतं, ते नव्याने भरलं. तुझी वहिनी म्हणते, घरचा पंखा कधीपासून करकरतोय, त्याला तुम्हाला सवड नाही. खरं आहे. पण लहानपणी काकांनी मला कान धरून त्या खोलीबाहेर काढलं होतं, तेव्हापासून त्या यंत्रात हात घालायची हौस होती. ती एकदाची फिटली.

आत कुणीतरी आणखी एक गफलत करून ठेवली होती, तीही जाता जाता निस्तरली. काय ते विचारू नकोस, आभारही मानू नकोस. काकांना म्हणावं, बिनधास्त कळ दाबा. फिल्म धुणारी लॅब इथे माझ्या दुकानाजवळच आहे. डबा पाठव, मी जातीने नेऊन देईन.

काकांना नमस्कार, तुला एक धपाटा आणि पुष्कळ लोभ.
दादा

---

दि. ७ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

झालं एकदाचं! फिल्मचा डबा या पत्रासोबतच पाठवते आहे.

काकांची रीत ऐकून चक्रावशील. काकू पडद्यावर हळूहळू उमटायला हवी, म्हणून ते पूर्ण चित्रापासून सुरुवात करतात, थोडं थोडं खरवडत जातात आणि फिल्म कॅमेऱ्यात उलटी चालवतात. मग पडद्यावर खरवडलेलं सगळं भरत येतं. त्यासाठी मी भिंगाला टोपी लावून आधी फिल्म हाताने पुढे नेली, टोकाला गुंडाळायची राहिलेली इवलीशी शेपटी ठेवली. तिथून मोटर तिला मागे आणते. काकांनी मोटर कायमची तशीच उलटी जोडून घेतलीय म्हणे.

चेहरा सगळ्यांत शेवटी दिसायला हवा, म्हणून आधी चेहराच खरवडायचा होता. काकांनी पातं माझ्या हातात दिलं, मग परत मागून घेतलं. बोटांनी चाचपत एवढा एवढा रंग काढायचे आणि मी कळ दाबायची. मला रडू आवरेना. ते मात्र म्हणत होते, रडतेस काय, ती जात नाहीये, येतेय.

मध्येच म्हणाले की मोटरीचा आवाज हलका झालाय. मी ऐटीत सांगितलं, दादाचं काम आहे. शेवटी काच लख्ख झाली. काकांनी हात धुतले आणि पोटभर जेवले. कित्येक दिवसांत इतके जेवले नव्हते.

लॅबवाल्यांच्या मागे लाग. जीव टांगणीला लागलाय.
तुझी लाडकी, निदान आज तरी,
ठकू

---

दि. १६ जुलै

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मी निस्तरलेली गफलत तीच. मोटरीवरचा बाण एकीकडे आणि ती फिरत होती दुसरीकडे. आमच्याकडे पंप उलटा फिरला की पाणी चढत नाही, त्यामुळे हात आपोआप तारांकडे गेला. मी तारा बदलून ती सुलट केली, म्हणजे फिल्म मागे यायच्या ऐवजी पुढेच गेली.

आज फिल्म मिळाली. शेपटीवर काकू आहे, पूर्ण आहे, पण पापणी लवेपर्यंतच. तिथे फिल्म संपली. पुढे मोटर रिकामीच फिरत राहिली आणि तुम्ही खरवडत राहिलात.

चित्राचा वेगळा फोटो काढला होतास का? नसेल तर काय लिहू? काकांना तोंड कसं दाखवू, तेवढं सांग.

आशीर्वाद द्यायची लायकी राहिली नाही, तरी देतो.
दादा

---

दि. २९ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोटो काढला नव्हता. सुचलंच नाही.

काकांना सगळं सांगितलं. तुझ्यावर रागावले नाहीत; रागावले असते तर बरं वाटलं असतं. आवाज हलका झाला तेव्हाच थांबायला हवं होतं, एवढंच म्हणाले. मग म्हणाले, आहे तेवढी दाखव.

मोठा फोटो करून आणते म्हटलं, पण कागदावरचं त्यांना आता काहीच दिसत नाही. भिंतीएवढं आणि उजेडातलं असेल तरच कडेने काही कळतं. प्रोजेक्टर एका चित्रावर थांबवला तर दिव्याने फिल्म जळेल, तेव्हा थांबवायचा नाही असं त्यांनीच बजावलं. म्हणून मी त्या शेपटीला पुढे कोरी फिल्म जोडली आणि टोकं चिकटवून तिचा सतत फिरणारा गोल केला.

तू ये. तुला तोंड दाखवायची भीती वाटते ना? ते त्यांना दिसणारही नाही रे. माझा लोभ होता तेवढाच आहे.

काका खुर्ची भिंतीजवळ घेऊन बसलेत. काकू आली की सांग म्हणतात. मी ‘आत्ता’ म्हणते. तो शब्द पुरा होईपर्यंत ती गेलेली असते आणि काका मान तिरकी करून कोऱ्या भिंतीकडे बघत राहतात. मग विचारतात, आली का?

तुझी,
ठकू