कांद्याच्या सालीची डबी

मंगळवार, संध्याकाळ

...मी बोंबील वाळत घालून घरात यायचे, तोवर हे न्याहारीला कांदा फोडून बसलेले. साल अंगणात. रोज.

आज तीच साल डबीतून आली. धाकट्या जावेने बोईसरहून गोळ्या आणल्या. सालीतला अर्क म्हणे रक्तवाहिन्यांचं अस्तर जपतो.

"वैनी, बीपीची गोळी बंद केली. हे झाडाचं हाय, अपाय नाय."

"डॉक्टरला विचारलंस?"

"तो कशाला हो म्हणेल?"

मी वाचलंय. गुण असेलही, पण बरेचसे प्रयोग उंदरांवर. रोज कांदा खाणारा माझा माणूस अटॅकनेच गेला ना? की कांद्यामुळेच तेवढा टिकला? विकणाऱ्याला तरी काय ठाऊक!

बुधवार

सकाळी जावेकडे गेले. तिने बीपीची गोळी गिळेपर्यंत ओट्यावरून उठले नाही.