छत्रीला निळीचा हात

प्रिय गिरधर,

रोज दौत काढतो आणि रोज काहीतरी आडवं येतं. काल कपाशीच्या गाड्या आल्या, त्या बघत बसलो. आज मात्र डोकं इतकं तापलंय की लिहिल्याशिवाय घास उतरणार नाही.

धुळ्याच्या एका शेटजींनी मला आपल्या गावच्या छत्रीचा फोटो काढायला धाडलं. छत्री म्हणजे त्यांच्या खापरपणजोबांची समाधी, पण दिवा तुझी माय लावते आणि छत्रीला चिकटलेल्या खोलीत राहते, हे तुला काय सांगू. लहानपणी आपण छत्रीच्या खांबांभोवती पळायचो, पण तिचा रंग कधी बघितला नव्हता. जुना चुना सायीसारखा पिवळट झालेला, त्यावर पावसाच्या काळ्या रेघा. मला हवं होतं मागे अवकाळीचं काळंभोर आभाळ आणि मावळतीला ढगाखालून घुसलेलं थंडीतलं ऊन. त्यात छत्री आतून दिवा लावल्यासारखी दिसते. आभाळ भरेना, म्हणून सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार बघायला गेलो. तिथे एक पांढरी घोडी होती, मालकालाच जवळ येऊ देईना. असो, ते भेटल्यावर.

परत आलो तर छत्री लख्ख. मायने शेजारणी जमवल्या आणि चुन्यात नीळ घालून वरपासून खालपर्यंत हात दिला. मी डोकं धरून बसलो, तर म्हणते, "फोटू काढाना शे ना? मंग धोयेल आंग नको का?" तिचं काय चुकलं? आपल्याकडे फोटोला बसवायचं तर म्हाताऱ्यालाही न्हाऊ घालून धुतलेला सदरा चढवतात. तिला काय ठाऊक, की काचेच्या प्लेटीवर निळं सगळं कोरंच उमटतं, ना खांब कळत ना नक्षी.

तिच्यावर मी चिडलो नाही. चिडलो शेटजींच्या कारभाऱ्यावर. तीन-चार दिवसांमागे टांग्यातून उतरला, छत्रीचं लग्नघर केलंत म्हणाला, आणि हुकूम सोडला की चुना खरवडून काढा आणि म्हातारीने संक्रांतीच्या आत खोली सोडावी. तुझे वडील गेल्यापासून जिने एक सांज दिवा चुकवला नाही, तिला! मी भांडलो. तो म्हणाला, तू फोटोवाला ना, मग फोटो काढ.

आता माय रोज सकाळपासून उलथन्याने चुना खरवडते आहे. चुन्याने बोटं फुटलीत, पण तिला वाईट वाटतंय ते शेटजींची छत्री बिघडल्याचं. असला चांगुलपणा बघून मला तर आणखीच संताप येतो.

आणि सगळ्यात जास्त तुझा येतो. भुसावळला का जात नाहीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, सुनेला नको शे. तूही मागे हेच सांगितलं होतंस, की यशोदावहिनी तयार नाही. रेल्वेची पक्की खोली, आणि तिच्यात एका म्हातारीचं अंथरूण मावत नाही? वहिनीचं काळीज कसलं म्हणायचं? मायने मला बजावलंय की गिरधरला काही कळवू नकोस, म्हणूनच मुद्दाम लिहितोय. संक्रांतीच्या आत ये आणि तिला घेऊन जा. वहिनीला काय सांगायचं ते तू बघ.

एवढं लिहिलं आणि दारात गाडी थांबली. गाडीतून उतरल्या यशोदावहिनी, एकट्या. भुसावळच्या बाजारात इथल्या एका गाडीवानाकडून त्यांना खोली सोडायच्या हुकमाचं कळलं म्हणे. माझ्या तोंडात राग होताच, तो मी ओकला. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी कधी नको म्हनेल नही. माले कोनी इचारंच नही." मग पदर खोचून त्यांनी मायच्या हातातलं उलथनं घेतलं. आता मागे आभाळ काळं झालंय आणि ऊन घुसलंय. खरवडलेल्या बाजूला जुना सायीचा रंग पेटलाय आणि त्यापुढे दोघी बसल्यात. कारभाऱ्याला हा फोटो नको असेल, पण मी काढतोच.

फोटो काढला की मायचं बोचकं बांधायचं आहे. हे पत्र वहिनींच्याच हाती देतो; उद्या माय त्यांच्याबरोबर तुझ्या दारात उतरेल. आता कोणाचं नाव पुढे करशील, गिरधर?

तरीही तुझाच,
अभिमन