माळवदावरची माती

७ एप्रिल १९५७, रविवार

आज सकाळी अंघोळ आणि जप आटोपून दोन्ही खोल्यांना स्वतःच्या हातानं चुना मारला. चुन्यात चिमूटभर नीळ टाकली होती. भिंती अशा उजळल्या की आवडा दारातच थांबली आणि म्हणाली, अहो, इथं चूल पेटवायला जीव व्हायचा नाय. लग्नाला तीस वर्षं झाली, पण तिला इतकं खुश झालेलं मी मोजक्याच वेळा पाहिलं आहे.

घर शहरात, गुलमंडीच्या मागच्या बोळात आहे. देवगाव रंगारीच्या शाळेत उर्दू शिकलो, त्याचं चीज आता पन्नाशीला आल्यावर झालं. कचेरीत निजामाच्या वेळचे कागद मराठीत उतरवायचं काम मिळालं. पण खरं कारण आवडाची छाती. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, चार महिने दर आठवड्याला आणा, बरी होईल. गावाहून ते जमणारं नव्हतं.

पुढच्या भागात घरमालक काकासाहेब राहतात. मागं एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला श्रीधरपंत नावाचे एकटे कारकून. तिघांच्या डोक्यावर एकच मातीचं माळवद.

श्रीधरपंतांची ओळख झाली. मोरीचा पाट दोघांच्या दारावरून जातो. त्यांनी तो आपल्या दारापुरता साफ केला आहे, पुढची घाण तशीच ठेवली आहे. त्यामुळं पाणी तुंबतं आणि उलटं त्यांच्याच दारात येतं. त्या पाण्यात उभं राहून ते मला हद्द म्हणजे काय ते समजावत होते. मी दहा मिनिटांत सगळा पाट मोकळा केला. ते म्हणाले, बद्रीनाथराव, सवय लावू नका, लोक फायदा घेतात.

११ एप्रिल, गुरुवार

किरायानामा झाला. काकासाहेब लोडाला टेकून सांगत होते, मी लिहीत होतो. आतली डागडुजी किरायादाराकडे, बाहेरची मालकाकडे. माळवदाला दर उन्हाळ्यात नवी माती मालकानं द्यावी, ती टाकून चोपायची मेहनत किरायादारानं करावी. इथवर वाजवी. मग म्हणाले, आता लिहा, जुनी माती कोणी उकरू नये.

आमच्याकडं तीन-चार वर्षांनी जुना थर खरवडून काढतात, नाहीतर ओझं वाढत जातं. मी तसं बोललो. ते हसले. गावाकडची अक्कल वेशीवर ठेवून यायची असते, म्हणाले.

मी ते कलम वळणदार अक्षरात लिहिलं. उकरलं तर खालच्या तुळया दिसतील, दिसल्या तर बदलाव्या लागतील, एवढंच या माणसाचं शास्त्र. त्याचा राग येण्याइतकाही तो मोठा वाटला नाही. चपलेला शेण लागावं तसं वाटलं. पुसायचं आणि पुढं जायचं.

२१ एप्रिल, रविवार

मातीवाला फकिरा गाढवांवरून पांढरी माती घेऊन आला. मी कुठली विचारलं. तो म्हणाला, उठून गेलेल्या गावाची हाय, मालक. माणसं राहून गेलेली माती लई घट्ट धरती. मी त्याला वर दोन पाट्या पोचव म्हटलं, तर नाय म्हणाला. त्याचा बापही इथं शिडीपाशीच माती टाकून जायचा.

वर गेलो. कमरेएवढा कठडा असणार, पण माती चढत चढत त्याच्या बरोबरीला आली आहे. वर्षानुवर्षं प्रत्येकानं आपली मेहनत टाकली. काढायचं काम कुणाचंच नव्हतं, म्हणून कुणी काढलं नाही.

आमच्या मागच्या खोलीच्या वर हातभर लांबीचा खड्डा पडला होता. तीन पाट्या टाकून चोपला. खाली आवडाला खोकला लागला. धूळ पडली असावी.

२८ एप्रिल, रविवार

खड्डा पुन्हा पडला आहे. आता दीड हात. आठवडाभर पाण्याचा थेंब नाही, वर कुणी गेलेलं नाही. पुन्हा भरला.

श्रीधरपंतांना वर बोलावून दाखवला. त्यांनी पावलं टाकून मोजणी केली आणि खड्डा पूर्णपणे तुमच्या बाजूला आहे, असा निकाल देऊन खाली उतरले. छत एकच आहे हे सांगून उपयोग नव्हता. घराला आग लागली तर हा माणूस आधी ज्वाळा कुणाच्या बाजूची ते पाहील.

डॉक्टर म्हणतात, दुखणं उताराला हवं होतं, चढतं का आहे?

५ मे, रविवार

आज चोपताना लक्ष गेलं. फटका पडला की खाली खोकला. मी हात थांबवला, खोकला थांबला. लाकडी चोपणं नुसतं उचलून धरलं, शंभर नामं होईपर्यंत. काही नाही. हलकेच टेकवलं, तर खाली ती कण्हली.

धावत उतरलो. तिच्या अंथरुणावर धुळीचा कण नव्हता. ती म्हणाली, अहो, छातीवर कुणी पाटी ठेवल्यावानी होतंय, आणि वरून चोपतंय.

पुन्हा वर जाऊन नीट पाहिलं. मी भरलेली जागा एवढ्यात खाली बसली होती. खड्ड्याला आता आकार आहे. डाव्या कुशीवर निजलेलं माणूस, गुडघे पोटाशी, एक हात उशाखाली.

आवडा तशी निजते.

९ मे, गुरुवार

समोरच्या भागूबाईला विचारलं. ती चाळीस वर्षं या बोळात आहे. आधी सांगेना. मग पदर तोंडाशी धरून बोलली. या घरात पहिल्यांदा शाळामास्तर होता, त्याची आई गेली. मग टपालवाला, त्याची बायको गेली. मग शिंपी, त्याची सहा वर्षांची पोर. सगळी मागच्या खोलीत, सगळी दम कोंडून. मी विचारलं, आम्हाला आधी का सांगितलं नाही? ती म्हणाली, मालकाचं घर, आपण कसं बोलावं?

इथं प्रत्येकाला आपली जागा बरोबर ठाऊक आहे.

काकासाहेबांकडं गेलो. माती कमी पडली का, असं त्यांनी विचारलं. मी त्या तिन्ही मरणांचा विषय काढला. त्यांनी किरायानामा काढला, माझ्याच अक्षरावर बोट ठेवलं. आतलं सगळं किरायादाराकडे. घरातली माणसं आतच येतात ना, म्हणाले. आवाज चढवला नाही. विड्याचं पान पुढं केलं.

मी जुनी माती काढू द्या म्हणालो. तर म्हणाले, कलम मोडलं की त्याच दिवशी घर खाली करायचं.

१२ मे, रविवार

आवडाला सिल्लोडला तिच्या भावाकडं, बन्सीकडं पोचवलं. मोटारीत तिनं तीनदा विचारलं, दवाखान्याचं कसं? मी आठवड्याला न्यायला येईन म्हणालो.

मी आता माती टाकणार नाही. खड्डा रिकामा राहील. नुसता खड्डा कुणाला दाबत नाही, असा हिशेब केला.

१९ मे, रविवार

खड्डा आहे तसाच. तिला आज दवाखान्यात आणून परत पोचवलं. सावकाश का होईना, दवाखान्याचा जिना चढली. देवाची दया.

२४ मे, शुक्रवार

बन्सीचं पत्र. सोमवारी सकाळी दहाला ताईला धाप लागली. चार वेळा ओठ निळे झाले. मधे मधे थांबायचं, परत लागायचं. तेव्हापासून ती उठलेली नाही. नीट बोलत नाही. भाऊजी, लवकर काय ते करा.

सोमवारी दहाला मी कचेरीत होतो.

भागूबाईनं सांगितलं. त्याच सोमवारी सकाळी काकासाहेबांनी फकिराकडून चार पाट्या मागवल्या. वर चढवून चोपल्या श्रीधरपंतांनी, कामावर रजा टाकून.

श्रीधरपंतांना जाब विचारला. ते अजिबात गडबडले नाहीत. मालकांनी सांगितलं, तुम्ही तर मेहनत करीतच नाही, म्हणाले. आणि मला धीर दिला, की चोपलं ते फक्त तुमच्याच बाजूला, माझ्या बाजूची ढेकूळही हलवली नाही.

वर गेलो. चार पाट्यांचा उंचवटा. खाली तिची कूस.

२५ मे, शनिवार

सकाळी वरची एक पाटी माती हातानं काढून पाहिली.

सांजेच्या आत बन्सीकडून निरोप आला. सकाळी ताई अर्धी भाकरी खाऊन बसली होती.

म्हणजे मला कळलं. मला तीन आठवड्यांपूर्वीच कळलं होतं. मी कागद सांभाळत बसलो. मालक, कारकून, भागूबाई, या सगळ्यांना मी इतके दिवस नावं ठेवली. आणि ते कलम कुणाच्या अक्षरात आहे?

नुसती वरची काढून भागणार नाही. ते पुन्हा टाकतील. सगळी काढायची. बुडापर्यंत.

२६ मे, रविवार, सकाळ

जप झाला. कुदळ, फावडं, पाटी. वही बंडीच्या खिशात.

उकरायला लागलो. कडेकडून आत.

तिची जागा आली. माती सुटी होत नाही, अख्खा गोळा निघतो. कुदळ बाजूला ठेवली. छातीकडून आधी, बोटांनी, मऊ करत करत मोकळी केली. शेवटी तोंड. मग काही उरलं नाही.

नऊ वाजता

खाली दुसरा थर. दुसरा गोळा. हातात मावेल एवढा. वेणी कळते — शिंप्याची —

काकासाहेबांच्या अंगणात उतरवली. हळूच.

त्याखाली टपालवाल्याची बायको. त्याखाली म्हातारी, पाठीला बाक. तिघी अंगणात ओळीनं. बाहेरचं ते मालकाकडं.

काकासाहेब खालून ओरडत आहेत, खाली उतरा, हे मालकाचं काम आहे. आज त्यांना आठवलं.

अकरा

कडेची तुळई दिसली. बोट लावलं, बोट आरपार गेलं. आत वाळवीचा भुसा. सालपटासारखी गळून खाली पडली. फळ्या तर नाहीतच. कधीच गेल्या असाव्यात.

मग हे सगळं एवढी वर्षं कशावर —

थांबलो नाही. अजून मधली माती आहे. तिच्या नावावरची असेल तर?

शिडीकडची कड कोसळली. श्रीधरपंतांना दुसरी शिडी लावा म्हणालो. ते काकासाहेबांना विचारत आहेत, ही शिडी कुणाच्या बाजूची.

बारा

शेवटची पाटी टाकली. केलं. एक मूठ शिल्लक नाही. सिल्लोडला ती आता मोकळा श्वास घेत असेल. घेत असेल. देवा.

उभ्या उभ्या लिहितो आहे. बसायला धीर होत नाही. पायाखाली माती नाही. फळी नाही. तुळई नाही. खाली थेट खोलीतली जमीन दिसते.

तरी मी उभा आहे.

तळव्यांना खालून ऊब लागते. बोटं मोजता येतात. म्हातारे हात, बांगड्यांचे हात, एक फार लहान — यांनीच धरलं होतं सगळं — ओझं गेलं, आता त्यांना धरायचं कारण उरलं नाही — एकेक बोट सुटत —

लहान हात अजून —