तुमच्या वडिलांच्या पावड्या

सर, तुम्हांला पत्र लिहिण्याचा आगाऊपणा करते आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागते. तुम्ही हयात होता तेव्हा तुमच्यासमोर मला एक सबंध वाक्य कधी बोलता आले नाही. तुम्ही विचारायचात आणि मी ‘हाव सर’ किंवा ‘नाही सर’ म्हणायचे, एवढाच आपला संवाद. निबंधात मात्र मी पाने भरून ठेवायची, आणि तुम्ही शिक्षकांच्या खोलीत सांगायचात, ही पोरगी कागदावरच बोलते. तुम्हांला जाऊन नऊ वर्षे होत आली. मी अजून कागदावरच बोलते आहे, आणि तेही अशा माणसाशी, ज्याला आता पत्ता नाही.

मॅट्रिकची परीक्षा संपली त्या आठवड्यात तुम्ही आमच्या मळ्यात आलात. हातात वर्तमानपत्राचे कात्रण होते. नागपूरला विमान चालवायला शिकवणारी एक संस्था दोन मुलींना निवडणार होती. शिक्षण, राहणे, सगळे त्यांच्याकडे. अट एकच, की जूनमध्ये तिथल्या यंत्रावर बसून हातापायांची परीक्षा द्यायची. तुम्ही शाळेत विज्ञान शिकवायचात, विमान तुम्ही आकाशात पाहिले होते तेवढेच. तरी तुम्ही माझ्या वडिलांना सांगितलेत की या तालुक्यातून कोणी बसणार असेल तर हीच. वडील वांग्याच्या वाफ्यात उभे होते. ते म्हणाले, “इमान चालवाले? सर, बैलगाडी तरी धड हाकते का, विचारा तिले.” मग हसणे थांबवून म्हणाले, “तुमी म्हणता त हाव. पण तयारी तुमीच करून घ्या.” मी वांग्यांची पाटी उचलून विहिरीकडे निघून गेले, कारण मला इतके हवे होते की ते चेहऱ्यावर दिसेल अशी भीती वाटली. सर, मला खरोखर हवे होते. हे तुम्हांला मी कधी सांगितले नाही. तुम्हांला ते कसे कळले, हेही मला ठाऊक नाही.

सुट्टीमुळे शाळा रिकामी होती. प्रयोगशाळेतली बिनहाताची खुर्ची तुम्ही मधोमध ठेवलीत, पुढे फरशीत बांबूचा दांडा उभा केलात, आणि समोरच्या फळ्यावर पुठ्ठ्याचे विमानाचे नाक खिळ्यावर बसवलेत, सहज डावीउजवीकडे फिरेल असे. खामगावच्या वाचनालयातून उड्डाणाचे एक जाड इंग्रजी पुस्तक आणले होते. त्यातल्या चित्रांवरून एवढे समजत होते, की विमानाचे नाक पायांनी वळवतात. पण पायांखाली काय ठेवायचे, यावर चार दिवस गेले. प्रथम सायकलचे पायडल आणले. ते गरगर फिरू लागले. मग शिंप्याकडून जुन्या पायमशीनची लोखंडी जाळी आली. तिच्यावर दोन्ही पाय एकदमच पुढे जातात, एकदमच मागे येतात. तुम्ही ती उलटसुलट करून पाहत होता आणि शाळेचा शिपाई दारात उभा राहून म्हणत होता, “सर, हे उडालं त छपराचे टिनं आधी काढा लागन.” तुम्ही त्याला म्हणालात, टिनाचे नंतर पाहू, आधी पायाचे पाहू. पाचव्या दिवशी तुम्ही मला आणि माझ्या वडिलांना घेऊन मोटारीने तुमच्या गावी, पिंपळगाव राजाला गेलात.

तुमचे वडील विणकर होते, हे मला त्या दिवशी कळले. त्यांचा माग पडवीत बंद पडून होता. खालच्या खड्ड्यात दोन लाकडी पावड्या होत्या. एक दाबली की दुसरी वर येते, विणणारा त्या आळीपाळीने दाबत राहतो. तुम्ही खड्ड्यात उतरून हाताने दोन्ही हलवून पाहिल्यात आणि वर बघून म्हणालात, “हेच पाह्यजे होतं. आन मी गावभर हिंडून राह्यलो.” तुमच्या आईंनी आधी नाही म्हटले. त्या पावड्यांवर अंगठ्याच्या जागी दोन खळगे पडले होते, झिजून. त्यांनी ते बोटाने दाखवले. मग मला म्हणाल्या, “ने. पण पाय धून बसत जाय वं. मागावर कोनी चपलेनं बसत नाही.” मी मान हलवली. येताना मोटारीत पावड्या तुमच्या मांडीवर होत्या. टपावर टाकायला तुम्ही कंडक्टरला नकार दिला होता.

आता ते लिहायचे आहे ज्यासाठी हे पत्र आहे. पावड्यांपासून पुठ्ठ्याच्या नाकापर्यंत सुतळ्या बांधायच्या होत्या. डाव्या पावडीची सुतळी डावीकडे सरळ न्यायची, की कातरीसारखी उलट बाजूला, एवढाच प्रश्न होता. तुम्ही पुस्तक माझ्यापुढे ठेवलेत. शाळेत पहिली येणारी मी, इंग्रजीतही पहिली, आणि ते इंग्रजी म्हणजे पाठ केलेले व्याकरण. त्या परिच्छेदात ‘रडर’ हा शब्द तीनदा होता आणि ‘अपोझिट’ एकदा. शब्दकोशात रडर म्हणजे सुकाणू. मी सुकाणू पाहिलेले नव्हते. आपल्या वाण नदीत नाव कधी चालली? पण क्रमिक पुस्तकातला नावाड्याचा धडा मला पाठ होता: सुकाणूचा दांडा उजवीकडे रेटला की नाव डावीकडे वळते. अपोझिट म्हणजे विरुद्ध. मी दोन्ही जोडले आणि मला वाटले, उलगडले. पूर्ण वाक्याचा अर्थ मात्र मला लागलाच नव्हता. तुम्ही सुतळी हातात धरून विचारलेत, “म्हंजे पाय डावा दाबला त नाक उजवीकडे? पाह्य बरं नीट. मले इंग्रजी येत नाही म्हनून तुले विचारून राह्यलो. असंच लिहेल हाये?” मला समजले नाही, असे म्हणायला किती अक्षरे लागतात? मी म्हणाले, “हाव सर.” तुम्ही सुतळ्या कातरीसारख्या बांधल्यात आणि गाठ दोनदा ओढून पाहिलीत.

एप्रिल-मे अशी आपली तालीम चालली. सकाळी मी रांजणाच्या पाण्याने पाय धुऊन बसते, अंगठे त्या खळग्यांत बरोबर बसतात. तुम्ही पाठीमागे उभे राहून सांगता, डावीकडे, आणि माझा उजवा पाय जातो. उजवीकडे, डावा पाय. नाक तुमच्या शब्दाबरोबर वळते. तुम्ही मध्येच शिपायाला पुठ्ठा ढकलायला लावायचात, वारा आला म्हणून, आणि मी तो पायांनी सरळ करायची. शिपाई म्हणायचा, मी गेलो की सरांना वाऱ्यासाठी दुसरा माणूस मिळणार नाही. मेअखेरीस मला विचार करावा लागत नव्हता. पाय स्वतःच ऐकत होते. तुम्ही एकदाच कौतुक केलेत, तेही मला नव्हे; माझ्या वडिलांना म्हणालात की हिच्या पायांना आता डोळे फुटले आहेत.

नागपूरला वडील बरोबर आले होते. दालनात मधोमध खरे यंत्र होते, पायांपाशी लोखंडी पट्ट्या, समोर काचेवर काटा. परीक्षा घेणारे गृहस्थ वयस्कर आणि मायाळू होते. ते डावीकडे म्हणाले. माझा उजवा पाय गेला, काटा उजवीकडे गेला. त्यांना वाटले मी घाबरले. ते हिंदीत म्हणाले, “बेटी, आराम से। जिधर जाना है, उधर का पैर दबाओ।” त्या एका वाक्यात मला सगळे कळले, सुतळ्या, परिच्छेद, माझा हाव. डोक्याला कळले, पायांना कसे कळावे? त्यांनी पुन्हा डावीकडे म्हटले, आणि मी पाहत राहिले की माझा उजवा पाय पुढे जातो आहे. तो थांबवायला मी डावा दाबला, मग दोन्ही अडले. तिसरी संधीही त्यांनी दिली. मी खाली माझ्या पावलांकडे बघत होते, ती जणू कोणा दुसऱ्याची होती आणि त्या दुसऱ्याला कोणीतरी फार मनापासून शिकवले होते. त्यांनी कागदावर काही लिहिले आणि म्हणाले, पुढे कधी प्रयत्न करा. पुढे वयाची अट ओलांडली. ते शिक्षण तिथेच संपले.

स्टेशनावर मी तुम्हांला कार्ड लिहिले. निकाल कळवण्याचे मी तुम्हांला कबूल केले होते. त्यात लिहिले: ‘निवड झाली नाही. तेथील पट्ट्या लोखंडी व फार जड होत्या. आपल्या पावड्या हलक्या असल्यामुळे पायांना सवय होऊ शकली नाही.’ अक्षर नेहमीसारखे सुरेख आले होते. सर, त्या तीन वाक्यांत पहिले खरे आहे.

मी परत आले तेव्हा खुर्ची भिंतीशी लावलेली होती आणि फळ्यावर खिळ्याचे भोक तेवढे होते. तुम्ही मला पाहून उभे राहिलात. विद्यार्थिनीसाठी शिक्षक कधी उभा राहतो का? म्हणालात, “चूक माही झाली. लोखंडाच्याच घ्याले पाह्यजे होत्या. बापाच्या हायेत म्हनून मले त्या चांगल्या वाटल्या. तुह्या पायाचा इचारच नाही केला मी.” शिपाई तिथेच होता, आणि त्यानेसुद्धा थट्टा केली नाही. मी तोंड उघडले होते, हे मला आठवते. तुम्ही म्हणालात, राहू दे, रडू नको, आणि मी रडत नव्हते तरी रडू लागले, कारण ते बोलण्यापेक्षा सोपे होते. पावड्या तुम्ही परत गावी नेल्यात. या वेळी टपावर टाकल्यात, असे शिपायाने नंतर सांगितले.

दिवाळीच्या सुट्टीत तुम्हांला कावीळ झाली. मला कळले तेव्हा तेरावा होऊन गेला होता.

पुढे मी शिकले. कॉलेजात असताना खामगावच्या वाचनालयात तेच पुस्तक पुन्हा काढले. परिच्छेद सोपा होता. विमानाचे नाक एका बाजूला झुकू लागले तर विरुद्ध बाजूचा पाय दाबून ते परत आणावे, एवढेच होते त्यात. म्हणजे डावीकडे आणायचे तर डावा पाय. आज मी मुलींना इंग्रजी शिकवते आणि मुलगी ‘समजले’ म्हणाली की तिला तेच वाक्य स्वतःच्या शब्दांत सांगायला लावते. मुली मला खाष्ट समजतात. गेल्या वर्षी धीर करून पिंपळगाव राजाला गेले होते. तुमच्या आईंना आता नीट दिसत नाही. त्यांनी माझा हात धरून विचारले, तू ती इमानवाली ना? आणि म्हणाल्या, तुमचा जीव शेवटपर्यंत त्या पावड्यांत अडकला होता, तापातही म्हणायचात की पोरीचे नुकसान केले. त्यांना सांगावे म्हणून मी सगळे वाक्य मनात रचून गेले होते. त्या वाट पाहत होत्या. मी त्यांच्या पाया पडले आणि निघून आले. एका आईला आता हे सांगून कोणाचे ओझे हलके होणार होते, माझेच ना?

हे पत्र मी पाठवणार नाही, कुठे पाठवू? एक गोष्ट मात्र राहिली, ती कोणालाच माहीत नाही. कार्ड पेटीत टाकल्याबरोबर मला त्याचा अर्थ कळला होता. गाडीला वेळ होता. पेटी पाचला उघडणार असे तिच्यावर लिहिलेले होते, आणि वडिलांना बाकावर झोप लागली होती. मी पन्नास मिनिटे पेटीशेजारी उभी होते. पाचला टपालवाला आला, त्याने कुलूप काढले, आणि माझे कार्ड सर्वांत वर होते. मला माझे अक्षर दिसले. एवढेच म्हणायचे होते की भाऊ, ते माझे आहे, परत द्या. त्याने माझ्याकडे पाहून विचारलेही, “काही टाकायचं हाये का बाई?” मी म्हणाले, नाही. त्याने ते थैलीत टाकले. म्हणून ती वेळ मला कायमची पाठ आहे. ते कार्ड मी तुम्हांला पाठवले शनिवार, दिनांक ६ जून १९६४ रोजी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी.