साकीनाक्याचे तीन स्क्रू

अप्पा, तिला तुमच्या गाळ्यावर मीच आणलं होतं. सत्त्याऐंशी साल. प्रयोगशाळेत ती आणि मी मिळून अणू दाखवणारा सूक्ष्मदर्शक बांधत होतो. भिंगाचा नव्हे, सुईचा. सुईचं टोक पदार्थाला न टेकवता इतकं जवळ न्यायचं की मधल्या फटीतूनही जराशी वीज वाहू लागेल. त्यासाठी फार बारीक आट्यांचा स्क्रू हवा होता. मी ऐटीत म्हणाले, "माझे वडील टर्नर आहेत, साकीनाक्याला लेथवर लोखंड काततात."

ऐट दोन दिवसांत उतरली. तिने विचारलं, "मी चालवून बघू लेथ?" आणि तुम्ही उठून तिला जागा दिलीत. "हात हलको ठेव गो. लोखंड आयकता." मी बघतच राहिले. घाटकोपरच्या घरात तुम्ही आमच्याशी कधी मालवणी बोलला नाहीत, पोरांची भाषा बिघडेल म्हणून. ती कणकवलीकडची निघाली आणि तुमची जीभ सुटली. अकरावीत मी एकदा लेथला हात लावला, टूल मोडलं, तेव्हा म्हणाला होतात, "तू पुस्तकं सांभाळ." तिने एका आठवड्यात दोन मोडली. तुम्ही हसत होतात.

तुमच्या स्क्रूने ग्राफाइटचे अणू दिसले, ओळीने मांडलेले ठिपके. ते चित्र घेऊन ती मला न सांगता तुमच्याकडे पळाली. तुम्ही ते लेथच्या वर चिकटवलंत. माझं पदवीचं प्रमाणपत्र घरी कपाटात होतं.

मग सुपरकंडक्टरची पाळी आली. ती काळी वडी खूप गार केली की विजेला अजिबात अडवत नाही. तेव्हा आत काय चालतं ते आम्हाला बघायचं होतं. पण त्या गारठ्यात स्क्रूच अडकून बसे. तुम्ही दुसरा केलात, तेलकट कागदात गुंडाळून माझ्या हाती दिलात. "थंडीत आवळेल, म्हणून आटे जरा सैल ठेवलेत. तिला सांग."

तिला! काम दोघींचं होतं, अप्पा. मी तो आठ दिवस माझ्या खणात ठेवला. ती विचारी, "झाला का गं?" मी म्हणे, "त्यांना वेळच नाही मिळाला."

नवव्या दिवशी ती स्वतःच साकीनाक्याला गेली. दुपारी परतली ती नवा स्क्रू मुठीत घेऊन. "अप्पा म्हणाले, 'मीच इसारलंय गो', आणि समोर बसवून करून दिला." घरी जेवताना तुम्ही आणखी आमटी मागितलीत, एवढंच. मी ओरडा खायची वाट बघत होते. तो कधीच मिळाला नाही. पुढे मोजमापं जमली, दोघींची नावं छापून आली. पण तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात ते मायेने, की माझ्यावर रागवावं एवढंही तुम्हाला वाटलं नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि तिला तर मी दाखवणार नाही. ती अजून फोन करते. शेवटच्या दिवसांत अप्पा काय बोलायचे, कुणाची आठवण काढायचे, विचारते. "आठवत नाही गं," मी सांगते. सगळं आठवतं, अप्पा. तेवढं तरी माझ्या एकटीचं राहू दे.