दाढेखालचा दाणा

वरची वाडी, ता. आंबेगाव
२६ नोव्हेंबर २०२४

चि. रुपालीस,
लंकाआत्याचे अनेक आशीर्वाद.

इथे मोबाइलला रेंज नाही, म्हणून हा कागद एस.टी.च्या चांगदेवभाऊंच्या हाती देते. तुझ्या दवाखान्यात उजव्या दाढेवर टोपी बसवली, ठणका गेला. पण नवंच कोडं झालंय. भात वाळलं का, ते मी दाणा दाढेखाली फोडून सांगते, हे तुला ठाऊक. वाळला दाणा कट्कन तुटतो, ओला चेपतो. काल शेजारच्या झुंबरबाई बियाण्याचं भात घेऊन आल्या, तर मला काहीच कळेना. दाणा टोपीवरून निसटतो. डाव्या दाढेचा मला कधीच भरवसा नव्हता. त्या म्हणाल्या, लंके, दाढेसोबत अक्कलबी ठिवून आलीस काय! हसले, पण लागलं. ओलं बियाणं कणगीत गेलं तर बुरशी धरेल, जास्त ऊन दिलं तर बी मरेल. त्या माझ्या शब्दासाठी थांबल्यात.

डॉक्टरांनी दातांत निळा कागद धरायला लावला, तो कशाला गं?

आत्याची आठवण अशीच राहू दे.
तुझी लंकाआत्या


आळेफाटा
२९ नोव्हेंबर २०२४

ती. लंकाआत्यास,
रुपालीचा शि. सा. न. वि. वि.

वरचे-खालचे दात जिथे भेटतात, तिथे त्या कागदाचा निळा ठिपका उमटतो. टोपी कुठे उंच राहिली असेल तर तिथला ठिपका गडद येतो, मग डॉक्टर तेवढंच घासतात. तुझे ठिपके सगळीकडे सारखे आणि फिकट होते, म्हणून डॉक्टर खूश. आरसा धरून मी शेजारीच उभी होते. कडक भाकरी मोडून खाणारी माझी आत्या एवढं हळू चावते, याचं मला तेव्हाच नवल वाटलं होतं. खरं सांग, दाणा फोडतेस तशी चावली होतीस का?

आमच्याकडे आता एक पातळ पट्टी आलीये. ती चावली की कुठल्या दातावर किती जोर पडतो ते संगणकावर रंगांत दिसतं. ये एकदा. ओलं आणि वाळलेलं, दोन्ही भात आण, मलाही बघायचंय. आई म्हणते, वन्संना म्हणावं, मुक्कामालाच या.

लोभ आहेच, तो दाढेसारखा दुखवू नकोस.
तुझी रुपाली


वरची वाडी
२ डिसेंबर २०२४

चि. रुपालीस अनेक आशीर्वाद.

पोरी, पकडलंस मला. परका माणूस तोंडात डोकावतोय आणि दात विचकून करकचून कसं चावायचं? त्यात कागद इतका तलम, फाटला तर? भात झोडताना डोईवरचा पदर दातांत धरतो ना, तेवढंच धरलं. बरं वाटतंय का, असं त्यांनी विचारलं, तर त्यांचा मान राखायला हो म्हणाले. बुधवारी पहिल्या गाडीनं येते. वहिनीला म्हणावं, राहणार नाही. झुंबरबाईंचं भात खोळंबलंय.

माया असू दे.
तुझी लंकाआत्या


वरची वाडी
८ डिसेंबर २०२४

चि. रुपालीस अनेक आशीर्वाद.

करकचून चावल्यावर सगळा जोर टोपीच्या एकाच टोकावर पडतोय असं दाखवणारा, पडद्यावर उजवीकडे उभा राहिलेला तो लाल सुळका अजून डोळ्यांपुढून जात नाही. माझ्या तोंडातलं आजवर मला एकटीलाच कळायचं. ते असं चारचौघांत दिसलं!

डॉक्टरांनी घासल्यापासून दाणा निसटत नाही. पण आवाज पूर्वीचा नाही, जरा बद्द आहे. दोन दिवस ओले-वाळले दाणे फोडत बसले. काल झुंबरबाई आल्या. दाणा फोडला, आत ओल वाटली, पण खात्री होईना. तसं पहिल्यांदाच कबूल केलं. मग त्यांच्या सुनेला, श्रेयाला, दाणा दिला आणि सांगितलं, लाजू नकोस, करकचून चाव. ती म्हणाली, कडेला तुटला, पण पोटात मऊ लागला. मलाही अगदी तेच लागलं होतं. इतक्या वर्षांत मी कुणाला विचारलंच नव्हतं गं.

झुंबरबाईंनी भात पुन्हा उन्हात पसरलं. आज दुपारी श्रेयानं आणि मी परत दाणा फोडला. आधी तिला बोलू दिलं. ती वाळलं म्हणाली. मग मी मान डोलावली, आणि झुंबरबाईंनी कणगी भरली.

वहिनीला नमस्कार. तुम्हा मायलेकींचा जीव माझ्यावर असाच असू दे.
तुझी लंकाआत्या